भूल मिळाली तरी पेशंट दगावतच होते. जखमेतला पू थांबवणारा सर्जन जोसेफ लिस्टर

आज तालुक्याच्या दवाखान्यात साधं गळू फोडायचं म्हटलं तरी डॉक्टर आधी हात धुतात, हातमोजे घालतात, जागा तांबड्या औषधानं पुसून घेतात. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत यातलं काहीच होत नव्हतं. सर्जन जुना कोट अंगात चढवून ऑपरेशनला उभा राहायचा. त्या कोटावर आधीच्या पेशंटांचं रक्त आणि पू वाळून कडक झालेलं असायचं. कोट जितका मळका तितका सर्जन अनुभवी, अशी समजूत होती. हात धुतलेच तर ऑपरेशन झाल्यावर धुवायचे, आधी नाही.

हे चित्र ज्यांनी बदललं ते जोसेफ लिस्टर. त्यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी लंडनजवळच्या अप्टन गावात झाला. घराणं क्वेकर पंथाचं होतं. साधं राहायचं, खोटं बोलायचं नाही, दिखावा करायचा नाही, अशी त्या लोकांची रीत. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे दारूचे व्यापारी होते, पण त्यांना नाद भिंगांचा. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून चित्र धूसर आणि रंगाच्या कडा आलेलं दिसायचं. या व्यापाऱ्यानं घरी बसून भिंगांची जुळणी सुधारली आणि त्या कामावर रॉयल सोसायटीचा सभासद झाला. त्यामुळे लहानग्या जोसेफला उघड्या डोळ्यांना न दिसणारं जग घरातच पाहायला मिळालं. पुढे इतर सर्जन ज्याला हसले, त्यावर याचा विश्वास का बसला, त्याचं मूळ बहुधा इथंच सापडतं.

क्वेकरांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं बंद होती. म्हणून लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. शिकत असताना मोठा भाऊ गेला, स्वतःला देवी आल्या, आणि 1848 मध्ये मन इतकं खचलं की काही काळ शिक्षणच सोडावं लागलं. बोलताना ते थोडे अडखळायचे. 1852 मध्ये डॉक्टरकीची पदवी हाती आली.

भूल आली आणि मरणं वाढली

लिस्टर कॉलेजात असतानाच वैद्यकाच्या जगात मोठी उलथापालथ झाली. 21 डिसेंबर 1846 रोजी त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात रॉबर्ट लिस्टन या नामांकित सर्जननं इथरची भूल देऊन एका माणसाचा पाय कापला. सगळं काम अर्ध्या मिनिटाच्या आत झालं आणि पेशंटला कळलंही नाही. बघणाऱ्यांच्या गर्दीत लिस्टरही होते, असं सांगतात. पुढच्याच वर्षी एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियानं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि लोकांची भीती बरीच मोडली.

भूल येण्याआधी पेशंटला चार गड्यांनी धरून ठेवावं लागायचं. सर्जनची किंमत त्याच्या हाताच्या वेगावर ठरायची. भूल आल्यावर घाई संपली. सर्जन सावकाश, खोलवर आणि पूर्वीपेक्षा जास्त ऑपरेशनं करू लागले. पण त्यांचे हात आणि हत्यारं तशीच घाण राहिली. ऑपरेशन छान व्हायचं, दोन-तीन दिवस पेशंट बोलायचा-चालायचा, मग थंडी वाजून ताप भरायचा, जखम लाल होऊन चिघळायची, पू व्हायचा, मांस सडायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत घरच्यांना निरोप जायचा. पू झाला म्हणजे जखम भरायला लागली, असं कित्येक डॉक्टर तेव्हा मानत. सडण्याचं कारण विचारलं की बोट हवेकडे जायचं: वाईट हवा, दुर्गंधी, कोंदट वॉर्ड.

भुलीचा धोका वेगळाच. क्लोरोफॉर्म निघून तीन महिने होत नाहीत तोच, जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमध्ये पायाचं नख काढायला आलेली 15 वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगताच मेली. लिस्टर यांनी भुलीवरही लिहिलं आहे. 1861 मध्ये निघालेल्या शस्त्रक्रियेच्या एका मोठ्या ग्रंथात भुलीचं प्रकरण त्यांचंच होतं. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा आणि श्वास अडला तर जीभ पुढे ओढा, असा त्यांचा सल्ला. हा विचार त्यांचे गुरू जेम्स साइम यांच्या परंपरेतला. त्याच परंपरेतला एडवर्ड लॉरी नावाचा सर्जन पुढे निजामाच्या हैदराबादेत आला. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. लॉरी यांनी निजामाच्या पैशावर 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्मची तपासणी करणारी दोन कमिशनं बसवली. त्या कामात डॉ. रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या पारशी बाईही होत्या. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास बंद पडतो, हृदय नाही, असा निष्कर्ष निघाला. तो अर्धाच खरा ठरला. क्लोरोफॉर्म थेट हृदयाचे ठोके बिघडवूनही माणूस मारतो, हे 1911 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे या बाबतीत लिस्टर यांचंही म्हणणं पुरतं बरोबर नव्हतं.

साइमकडे ते 1853 मध्ये काही दिवस काम बघायला म्हणून एडिंबराला गेले आणि तिथंच रमले. 1856 मध्ये साइम यांची थोरली लेक ॲग्नेस हिच्याशी लग्न केलं. ती दुसऱ्या पंथाची, त्यामुळे लिस्टर यांना क्वेकर पंथ सोडावा लागला. लग्नानंतरच्या फिरस्तीत दोघांनी युरोपातली हॉस्पिटलं पाहिली. ॲग्नेस यांनी पुढची 37 वर्षं नवऱ्याच्या प्रयोगांच्या वह्या लिहिल्या, प्रयोगांना हात लावला, लेखांच्या नकला काढल्या. मूलबाळ झालं नाही. लिस्टर यांच्या नावावर जे काम सांगितलं जातं, त्यातलं किती या बाईच्या हातचं, हे त्या वह्यांतलं अक्षर पाहिलं की कळतं.

ग्लासगोचा वॉर्ड

1860 मध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि 1861 मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीत वॉर्ड मिळाले. इमारत नवीकोरी. तरीही हात-पाय कापलेल्या पेशंटांपैकी जवळजवळ निम्मे मरत होते. ग्लासगो म्हणजे कारखाने, गोदी, घोडागाड्या. रोज कुणाचा पाय चिरडायचा, कुणाचा हात यंत्रात जायचा. लिस्टर यांच्या तळमजल्यावरच्या वॉर्डात तर सडण्याचं प्रमाण फारच होतं. पुढे वॉर्डाच्या भिंतीलगत जमीन उकरली, तेव्हा वरच्या मातीखाली काही इंचांवर शवपेट्यांचे थर निघाले. 1849 च्या कॉलऱ्यात मेलेली माणसं तिथं घाईघाईनं पुरलेली होती. ही गोष्ट लिस्टर यांनी नंतर छापून आणली, तेव्हा हॉस्पिटलच्या कारभाऱ्यांना राग आला आणि त्यांनी जाहीर निषेध नोंदवला.

लिस्टर यांना एक गोष्ट खटकत होती. हाड आतल्या आत मोडलं आणि कातडी शाबूत राहिली, तर माणूस बरा होतो. तेच हाड कातडी फाडून बाहेर आलं की जखम सडते. मोडणं सारखंच, मग फरक कशाचा? हवेचा म्हणावं, तर छातीच्या आतल्या आत बरगडी फुप्फुसात घुसली आणि श्वासाची हवा आत गेली तरी सड होत नाही. म्हणजे नुसती हवा वाईट नाही. हवेतून, बाहेरून आणखी काहीतरी येतं.

1865 मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्यांना लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचं लिखाण दाखवलं. दूध नासतं, द्राक्षाचा रस आंबतो, सूप कुजतं ते सूक्ष्म जीवांमुळे, असं पाश्चर यांनी दाखवलं होतं. उकळलेलं सूप वाकड्या नळीच्या चंबूत ठेवलं तर हवा आत जाते, धूळ आणि जंतू नळीच्या वाकणात अडकतात आणि सूप नासत नाही. लिस्टर यांनी हे प्रयोग स्वतः करून पाहिले. जे सुपाचं, तेच जखमेचं, हे त्यांनी ताडलं. मात्र पाश्चर जंतू उकळून मारत होते. माणसाचा पाय काही उकळता येत नाही.

मग औषधाचा शोध सुरू झाला. कार्लाइल शहरात गटाराच्या मैल्यावर कोळशाच्या डांबरापासून काढलेलं कार्बोलिक ॲसिड टाकत होते. वास जायचाच, शिवाय ते सांडपाणी ज्या कुरणांवर सोडलं होतं, तिथं चरणाऱ्या जनावरांचा कृमींचा आजार थांबल्याची बातमी लिस्टर यांच्या कानावर आली. जुन्या लाल कार्बोलिक साबणाचा उग्र वास ज्यांना आठवत असेल, त्यांना हे औषध कोणतं ते लगेच कळेल. मार्च 1865 मध्ये पहिला प्रयत्न केला, तो फसला.

12 ऑगस्ट 1865 रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा 11 वर्षांचा मुलगा दाखल झाला. गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं होतं. गुडघ्याखालचं हाड मोडलेलं, कातडी फाटलेली. अशा पायाला त्या काळी बहुतेक वेळा एकच इलाज, तो म्हणजे कापून टाकणं. लिस्टर यांनी जखम कार्बोलिकनं धुतली, त्यातच भिजवलेलं फडकं ठेवलं, वरून औषध उडू नये म्हणून धातूचा पातळ पत्रा लावला आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली. इतर वेळी नेमकं याच सुमाराला घाण वास यायला लागायचा. इथं पू नव्हता. औषधानं कातडी थोडी भाजली होती, म्हणून पुढे तेल मिसळून ते सौम्य केलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि पोरगं दोन्ही पायांवर घरी गेलं.

योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी, 13 ऑगस्ट 1865 रोजी, व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हे डॉक्टर मरण पावले. डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुतले तर बाळंतिणी मरत नाहीत, हे त्यांनी 1847 मध्येच दाखवलं होतं. कुणी मानलं नाही. अंगावरची जखम चिघळून ते गेले. लिस्टर यांना त्या वेळी त्यांचं नावही माहीत नव्हतं.

घरातलं टेबल आणि सख्खी बहीण

1867 मध्ये लिस्टर यांनी अशा 11 पेशंटांची हकीकत लॅन्सेट या मासिकवजा साप्ताहिकात क्रमशः छापली. त्यातले 9 जण पाय शाबूत ठेवून बरे झाले. एकाचा पाय कापावा लागला, एक दगावला. त्यांच्या वॉर्डात नऊ महिने सडण्याचा किंवा रक्तात पू होण्याचा एकही प्रकार घडला नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये बहीण इसाबेला त्यांच्याकडे आली. तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. इतर सर्जनांनी हात लावायला नकार दिलेला. एवढी मोठी जखम म्हणजे सडणारच, मग मरण आठवड्यावर आणायचं कशाला, असा त्यांचा हिशेब होता. तो त्या काळच्या अनुभवाला धरूनच होता. लिस्टर सासऱ्यांचा सल्ला घ्यायला एडिंबराला जाऊन आले. साइम यांनी धीर दिला. मग स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन केलं. हत्यारं, हात, जखम, सगळं कार्बोलिकनं धुतलेलं. जखम न चिघळता भरली. कॅन्सर तीन वर्षांनी यकृतात परतला आणि ती गेली. पण ती तीन वर्षं तिला मिळाली.

विरोध मात्र जोरात झाला. आणि पहिला मोठा घाव घातला तो क्लोरोफॉर्मवाल्या सिम्प्सन यांनी! माणसाला वेदनेतून सोडवणारा हा डॉक्टर हॉस्पिटलमधल्या मरणांबद्दल स्वतः आरडाओरड करत होता. मोठी हॉस्पिटलं पाडून छोट्या झोपड्यांत पेशंट ठेवा, असं त्याचं म्हणणं. पण लिस्टरचं औषध नवं नाही, फ्रान्समधल्या एकानं ते आधीच वापरलंय, म्हणून त्यांनी वाद उभा केला. खरं तर लिस्टर यांनी कार्बोलिक शोधल्याचा दावा केलाच नव्हता. त्यांचं म्हणणं औषधाबद्दल नव्हतं, बाहेरून येणारा जंतू अडवण्याबद्दल होतं. हा फरक अनेकांच्या डोक्यात शिरलाच नाही. लोक जखमेवर कार्बोलिक ओतायचे आणि तेच मळके बोट आत घालायचे. मग गुण आला नाही की औषध कुचकामी म्हणायचे.

लिस्टर यांनी वादापेक्षा आकडे पुढे केले. त्यांच्या वॉर्डात नवी पद्धत येण्याआधी हात-पाय कापलेल्या 35 पैकी 16 जण मेले होते. नंतरच्या तीन वर्षांत 40 पैकी 6. रक्तवाहिनी बांधायला रेशमाचा दोरा वापरायचे, तो आत राहून पू धरायचा. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्याची तात कार्बोलिकमध्ये मुरवली, एका वासरावर वापरून पाहिली आणि ती शरीरातच विरघळून जाते हे दाखवलं. विरघळणारे टाके ते हेच.

1869 मध्ये ते साइम यांच्या जागी एडिंबराला परतले. 4 सप्टेंबर 1871 रोजी बालमोरल राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं मोठं गळू त्यांनी फोडलं. त्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायचं यंत्र बरोबर होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टरच्या हातून फवारा थेट राणीच्या तोंडावर उडाला. राणी चिडली, पण बरी झाली. एडिंबराच्याच वॉर्डात विल्यम हेन्ली हा तरुण कवी जवळजवळ वीस महिने पडून होता. हाडाच्या क्षयानं एक पाय आधीच गेलेला. दुसरा कापायलाच हवा, असं इतरांनी सांगितलं होतं, तो लिस्टर यांनी वाचवला.

जर्मन सर्जनांनी ही पद्धत लवकर उचलली. लढाईतल्या जखमा सडून माणसं मरताना त्यांनी नुकतीच पाहिली होती. लंडन आणि अमेरिका मागे राहिली. 1876 मध्ये लिस्टर अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन बोलले. बड्या सर्जनांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पाचच वर्षांनी, जुलै 1881 मध्ये, त्यांचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून गोळी शोधली. सप्टेंबरमध्ये अंगभर पू होऊन गारफिल्ड गेले. गोळी एकटी त्यांना मारणारी नव्हती, असं आज बहुतेक जाणकार मानतात.

1877 मध्ये लिस्टर एडिंबरा सोडून लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. एडिंबरात शेकडो पोरं त्यांच्या तासाला बसायची, इथं वर्ग जवळपास रिकामा. परीक्षा घेणारे जंतू मानत नव्हते, मग पोरं तरी कशाला येतील? 26 ऑक्टोबरला त्यांनी एका माणसाची मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेनं जोडली. धड असलेला सांधा मुद्दाम उघडणं म्हणजे पाय, कदाचित जीवही घालवणं, असं तेव्हा मानत. काही सर्जन लिस्टरवर खटला भरला जाईल, असंही बोलले. तो माणूस चालत गेला. हळूहळू लंडनही वळलं.

सगळंच त्यांचं बरोबर निघालं असंही नाही. हवेतले जंतू मारायला म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तो फवारा चालवला. ऑपरेशन करणारे सगळे ओलेचिंब व्हायचे, हात पांढरे पडून बधिर व्हायचे. पुढे कळलं की खरा धोका हवेपेक्षा हातांचा आणि हत्यारांचा. 1890 मध्ये बर्लिनच्या परिषदेत लिस्टर यांनी भर सभेत फवाऱ्याबद्दल खेद व्यक्त केला, तोवर त्यांनी तो सोडूनही दिला होता. वाफेनं हत्यारं-कपडे शुद्ध करायची पद्धत जर्मनीत रुजली, रबरी हातमोजे अमेरिकेत आले. लिस्टर यांनी स्वतः बरीच वर्षं जुना कोटच वापरला, हेही खरं.

मान-सन्मान भरपूर मिळाले. रॉयल सोसायटीचे ते पाच वर्षं अध्यक्ष होते. 1897 मध्ये लॉर्ड झाले. डिसेंबर 1892 मध्ये पाश्चर यांच्या सत्तरीच्या सोहळ्याला ते पॅरिसला गेले, तेव्हा थकलेल्या पाश्चर यांनी भर सभेत त्यांना मिठी मारली. पण पुढच्याच एप्रिलमध्ये इटलीत सुट्टीवर असताना ॲग्नेस न्यूमोनियानं गेल्या. त्यानंतर लिस्टर यांचं कामातून लक्षच उडालं. जून 1902 मध्ये राजा सातवा एडवर्ड अपेंडिक्सच्या दुखण्यानं राज्याभिषेकाच्या तोंडावर आजारी पडला, तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी 75 वर्षांच्या लिस्टर यांना सल्ल्याला बोलावलं. ऑपरेशन झालं, राजा वाचला, अभिषेक ऑगस्टमध्ये झाला. अमेरिकेत 1879 मध्ये एका औषधी पाण्याला त्यांच्या नावावरून लिस्टरीन नाव दिलं गेलं. गुळण्या करायचं ते पाणी आजही दुकानात मिळतं. ते लिस्टर यांनी बनवलेलं नाही.

शेवटची वर्षं त्यांनी केंट परगण्यातल्या वॉल्मर गावी समुद्रकाठी काढली. नजर आणि कान अधू झाले होते. 10 फेब्रुवारी 1912 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेत, म्हणजे जिथं राजे आणि देशातले थोर लोक पुरले जातात तिथं, जागा देऊ केली होती. अंत्यसंस्काराची प्रार्थना तिथं झाली. पुरलं मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड दफनभूमीत, ॲग्नेसच्या शेजारी.